शेवटच्या डब्यातले नाना

भर दुपारी, जळगावच्या पिंप्राळ्यातली कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखालच्या सावलीतून बाहेर यायला तयार नसतात तेव्हा, पूर्ण रिकाम्या रस्त्यावर हात बाहेर काढून वळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. तरी गाडीच्या खिडकीतून एक उंच, वाळका, कोपरापर्यंत पांढऱ्या बाहीतला हात बाहेर यायचा, गोल गोल फिरायचा, आणि मग ती छोटी करडी गाडी डावीकडे आमच्या कॉलनीत शिरायची. जात्यावर दळताना फिरतो तसा तो हात फिरायचा. आम्ही बायका गच्चीवर पापड घालत असलो की हसून हसून लाट्या सुकायच्या. सपकाळे नाना घरातसुद्धा स्वयंपाकघराकडे वळताना हात दाखवतात, असं मीच कोणाला तरी सांगितलं होतं. ते कॉलनीभर पसरलं, नानांपर्यंत पोचलं, आणि नाना म्हणाले, "दाखवायलाच पाहिजे. तिकडून अक्का गरम पातेलं घेऊन येत असेल तर?"

नानांना जाऊन आता वर्ष होत आलं. परवा आकाशवाणी चौकातल्या सर्कलला एका रिक्षावाल्यासाठी मी गाडी थांबवली. त्याने जाता जाता हात वर केला. माझाही हात आपोआप वर गेला, आणि मग घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे नानाच होते. म्हणून हे लिहायला बसले.

नाना रेल्वेत गार्ड होते, भुसावळहून सुटणाऱ्या मालगाड्यांवर. आता म्हणे त्या पदाला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलंय. नाना ते नाव उच्चारायचे नाहीत. "मी गार्डच," म्हणायचे. "गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस." सगळी नोकरी त्यांनी मागे गेलेले रूळ बघत केली होती. पुढे काय आहे ते ड्रायव्हरला ठाऊक, नानांना फक्त काय होऊन गेलं ते दिसायचं. ते स्वतःच हे हसत सांगायचे. आणि मग गंभीर होऊन सांगायचे, की गार्डाने हिरवा झेंडा दाखवला म्हणजे काम झालं असं नाही. ड्रायव्हरने तो बघितला पाहिजे, उलट हात दाखवला पाहिजे. स्टेशन मागे पडताना फलाटावरचा माणूस झेंडा धरून उभा असतो, त्यालाही उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

या उत्तराला त्यांचा एक शब्द होता. "घेतलं." आपण म्हणतो "हो" किंवा "बरं", तिथे नाना म्हणायचे "घेतलं". मी फाटकातून ओरडले की नाना, उद्या पाणी येणार नाही, तर गॅलरीतून "घेतलं!" फोन ठेवतानाही समोरच्याला विचारणार, "घेतलं ना?" समोरचा गोंधळून म्हणायचा, काय घेतलं? अक्का आतून ओरडायच्या, "ठेवा तो फोन! त्या माणसाने काहीच घेतलेलं नाही!"

सकाळी मी स्कूटरवरून शिकवणीला निघाले की नाना गॅलरीत उभे. तळहात वर. मी हात दाखवेपर्यंत खाली नाही. सुरुवातीला मला वाटायचं आशीर्वाद देतात. एकदा घाईत मी तशीच गेले, तर संध्याकाळी विचारलं, "सकाळी काही बिनसलं होतं का बेटा? उत्तर नाही आलं." त्यानंतर मी कधी चुकले नाही. रस्त्यावर माझ्याकडे बघून लोकांना वाटत असेल, ही बाई रोज कुणाला टाटा करते.

अशा माणसाने साठी उलटल्यावर मोटार शिकायचं काढलं, तेव्हा आम्हाला वाटलं पेन्शन अंगाला लागली. पण कारण वेगळं होतं. कारण अक्का होत्या.

अक्का म्हणजे नानांची बायको. माहेर पारोळ्याकडचं, बोलणं अहिराणी, आवाज असा की कॉलनीच्या पहिल्या घरात कुजबुजल्या तर शेवटच्या घरात कळावं. बाई कशाला भीत नसे. सापाला काठीने बाजूला सारताना मी पाहिलंय. पण रस्त्याला भ्यायच्या. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या एका लग्नाहून काळीपिवळी जीपमधून परत येत होत्या. पुढे ट्रॅक्टर होता. तो काही न दाखवता एकदम शेताच्या वाटेला वळला, जीपवाला गाडी वाचवायला गेला आणि जीप रस्त्याकडेच्या चारीत उलटली. अक्कांच्या पायात सळई आली. शेजारी बसलेली त्यांची चुलतबहीण राहिली नाही. तेव्हापासून अक्का चार चाकांच्या गाडीत बसल्या नाहीत, तीन चाकांच्याही नाही.

लेक धुळ्याला दिलेली, देवपुरात. रेल्वेवर अक्कांचा विश्वास होता, नवऱ्याचं खातं म्हणून. त्यामुळे त्या जळगावहून चाळीसगाव, तिथून दुसरी गाडी पकडून धुळं, आणि धुळ्याच्या स्टेशनवरून देवपूरपर्यंत चक्क पायी जायच्या, पांझरेचा पूल ओलांडून. नाना पिशवी घेऊन मागे. पुढे गुडघ्यांनी दावा मांडला. चाळीसगावचा जिना चढवेना, पूल चालवेना. धुळं बंद झालं.

आणि त्यात लेकीला, वैशालीला, दिवस गेले. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, दवाखाने आणि नवस सगळं करून झाल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास करायचा नाही, झोपून राहायचं. म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं बाद. तिला सासूही नव्हती. तिचा फोन आला तेव्हा मी अक्कांकडेच बसले होते. फोन मोठ्या आवाजावर होता. ती एवढंच म्हणाली, "आई, तू येशील ना?" अक्का म्हणाल्या, "येसू ना. नही येऊ ते कशी?" फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसल्या. नाना दारात उभे होते. ते चप्पल घालून बाहेर पडले, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले.

परवाना लवकर मिळाला. हात बसायला मात्र सोबत हवी होती, आणि नानांनी मला धरलं. माझ्याकडेही परवाना होता. नवरा नाशिकला कारखान्यात, शनिवार-रविवार येणारा. त्याची गाडी इथे कव्हर घालून उभी. एकदा फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हापासून मी किल्लीला हात लावला नव्हता. नाना म्हणाले, "तू भितेस, मी भितो. दोघं मिळून भिऊ." त्यांनी जुनी करडी गाडी घेतली. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, उजवा तळहात वर केलेली. अक्कांनी खिडकीतून डोकावून ती बघितली आणि म्हणाल्या, "हाऊबी हातच दखाडी ऱ्हायना!" ह्यानेही हातच दाखवलाय म्हणून त्या हसल्या, पण आत बसल्या नाहीत.

आमचा पहिला रविवार आकाशवाणी चौकात गेला. गेला म्हणजे तिथेच गेला. सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे नाना शिकून आले होते. उजवीकडून येणारे संपेनात. नाना थांबले. हात बाहेर काढून उभे. मी म्हटलं, नाना, घाला आता. तर म्हणतात, "मी हात दाखवलाय. अजून कोणी घेतला नाही." जळगावच्या चौकात हा माणूस उलट हाताची, रेल्वेच्या भाषेत ऑलराइटची, वाट बघत होता! मागे हॉर्न सुरू झाले. एकाने तर कुळाचा उद्धार केला. नाना त्यालाही हात दाखवून "घेतलं" म्हणाले.

शेवटी वाहतूक पोलीस आला. "काका, गाडी बंद पडली का?"

"नाही. उजवीकडचे जाऊ देतोय."

"उजवीकडचे?" त्याने सगळ्या चौकावरून नजर फिरवली. "मग आज जेवण इथेच मागवा."

पण मनाने चांगला होता. त्याने उजवीकडचा लोंढा अडवला आणि आम्हाला काढून दिलं. नानांनी जाताना त्याला तळहात दाखवला. त्याला कळेना. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. मग एकदा आम्ही लांबून येताना दिसलो आणि त्यानेच आधी हात वर केला. नानांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं आख्खी मालगाडी वेळेवर भुसावळला लागली.

नानांचा राग एकाच गोष्टीवर. चौकातून सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे लोक. आपल्याकडे ही फॅशनच आहे. नानांनी ओट्यावर माझ्या मुलीचा कंपास आणि दोन खोडरबर मांडून मला समजावलं, की डाव्या गल्लीतून येणाऱ्याला त्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते. त्याला डावा दिवा लुकलुकताना दिसतो, तो समजतो ही वळणार, आणि तो पुढे येतो. "खोटा सिग्नल," नाना म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा वाटला. उलट आमच्या शब्बीरभाईंवर त्यांचा फार जीव. शब्बीरभाईंची शाळेच्या पोरांची रिक्षा. वळताना ते हात काढत नाहीत, डावा पाय बाहेर काढतात, चपलेसकट. मी हसले तर नाना म्हणाले, "पाय तर पाय. सांगतोय ना तो!" आणि शब्बीरभाईंच्या पायाला हात वर करून उत्तर द्यायचे. शब्बीरभाई एकदा मला म्हणाले, "बाजी, नानाको देखके अपना पैर अंदर लेनेकू शरम आती है. वो जवाब देतेच तक बाहर रखना पडता."

गाडी नानांना जमली. अक्का जमेनात.

पहिल्यांदा बांभोरीच्या, गिरणेवरच्या पुलापर्यंत जाऊन यायचं ठरलं. अक्का डाव्या सीटवर, मी मागे. अक्कांनी खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. खोटेनगरपर्यंत ठीक होतं. तिथे एक पांढरी जीप कुठूनशी आली आणि काही न दाखवता आमच्या पुढून वळली. नानांनी ब्रेक मारला. काही झालं नाही, पण अक्का पांढऱ्याफटक. "उभी करा. मी पायी जास." नाना समजावत होते, मी समजावत होते. त्या उतरल्या आणि काठी टेकत घराकडे चालू लागल्या. नाना त्यांच्या मागे मागे, चालीच्या वेगाने, कडेकडेने गाडी चालवत आले, चारही इंडिकेटर लावून. योग्य कारणासाठी चारही इंडिकेटर लावलेली गाडी मी जळगावात तेवढीच पाहिली. रस्त्यावरचे लोक बघत होते. मला हसूही येत होतं आणि अक्कांकडे बघवतही नव्हतं.

घरी मी चहा केला. अक्का कपाकडे बघत बसल्या होत्या. दिवस भरत आले होते. धुळ्याहून रोज फोन यायचा. मी म्हटलं, अक्का, नाना इतकं हळू चालवतात, कशाला भिता? त्या म्हणाल्या, "चालवनारानं काय नही व माय. तवयबी जीप हळूच व्हती." मग, माझ्याकडे न बघता, "कोनीच सांगं नही ना माले. वळनं व्हतं ते हात दखाडाले काय लागस? मी तिले धरी लेती." कोणी सांगितलं असतं तर मी तिला धरलं असतं, असं त्या म्हणत होत्या. त्या चुलतबहिणीचं नाव इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही ऐकलं नाही.

नाना दारातच होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले नाहीत. फक्त म्हणाले, "घेतलं."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी हात दाखवायची दिशा बदलली. म्हणजे बाहेरचा हात होताच. पण त्याआधी ते अक्कांना सांगायला लागले. पुन्हा कॉलनीतून सुरुवात. अक्का बसायला तयार झाल्या, कारण नानांनी कबूल केलं की कॉलनीच्या फाटकाबाहेर जाणार नाही. "आते डावीकडे वळी ऱ्हायनू. घेतलं?" अक्का गप्प. डोळे मिटलेले. अक्का उत्तर देईनात, म्हणून नाना वळेनात. वळण गेलं, गाडी सरळ. पुढचं वळण आलं. "आते उजवीकडे. घेतलं?" गप्प. गाडी सरळ. करता करता रस्ता संपला आणि गाडी नाल्याच्या कठड्यापाशी येऊन थांबली. नाना शांतपणे इंजिन चालू ठेवून बसले. समोर कठडा, त्यावर एक शेळी. मी मागे तोंडात ओढणी कोंबून.

"आते?" अक्कांनी डोळे उघडले आणि का थांबवली ते विचारलं. "उभी काब करी?"

"मागे घ्यायचीये. तू घेतलं म्हटल्याबिगर कशी घेऊ?"

अक्का भडकल्या. "घेतलं! घेतलं! जाऊ द्या मांगे, ती बकरी देखी ऱ्हायनी आपले!"

पण घेतलं म्हणायचं तर डोळे उघडावे लागतात. तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी गाडी कॉलनीतून फिरायची आणि आतून दोन आवाज यायचे. एक हळू, विचारणारा, आणि दुसरा ठणठणीत. हा रस्ता कुठे वळणार, ब्रेक केव्हा लागणार, समोरची सायकल आपण जाऊ देणार की नाही, सगळं नाना आधी सांगायचे. अक्कांनी घेतलं म्हटल्याशिवाय चाक हलायचं नाही. मग फाटकाबाहेर, मग खोटेनगर, मग गिरणेचा पूल. अक्कांची पकड मुठीवर तशीच, पण डोळे उघडे. त्यांच्याकडून मी एवढं शिकले, की घाबरलेल्या माणसाला धीर देण्यापेक्षा पुढे काय होणार ते सांगावं. माझ्या शिकवणीतल्या पोरांना परीक्षेच्या आधी मी आता तेच करते.

धुळ्याहून फोन आला, दवाखान्यात भरती केलंय. नाना माझ्या दारात. "ज्योती, चल. गार्ड लागेल."

"मी?"

"मी इंजिनात. मागे कोणी नको? बठ्ठा पुढे देखतस, मांगे कोनीच देखत नही."

सगळेच पुढे बघतात, म्हणून मागचं बघायला मी मागे बसले. निघताना मला मागच्या काचेतून बघून ऑलराइट द्यायला लावलं, मगच गिअर पडला. एरंडोल गेलं. अक्का घेतलं, घेतलं करत होत्या, पण आवाज बसत चालला होता. एरंडोलच्या पुढे, जीप उलटली होती तो रस्ता होता. आता तिथे मोठा हायवे झालाय, दुभाजक आलाय, ती चारी कुठे होती तेही कळत नाही. अक्कांना कळलं. त्या बोलायच्या थांबल्या. नानांनी विचारलं, "सरळ जातोय. घेतलं?" उत्तर नाही. नानांनी गाडी कडेला घेतली, थांबवली. खिडक्या उघड्या, ऊन, शेतात कपाशी फुटलेली. परत फिरायचं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि चल असंही म्हटलं नाही. मी मागे बसून मनात वैशालीचं बाळ आणि वेळ असा हिशोब करत होते आणि मला वाटलं, झालं, इथून आपण परत जाणार. बऱ्याच वेळाने अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "घेतलं."

पारोळा दिसायला लागलं तेव्हा पुढे ट्रॅक्टर आला.

ट्रॉलीत कापसाची गाठोडी आणि त्यांवर वेचणीहून परतणाऱ्या बायका. ट्रॅक्टर डाव्या बाजूने चालला होता. पुढे दुभाजकात लोकांनी जाण्यायेण्यापुरती फट ठेवली होती. मी अक्कांकडे बघितलं. त्यांचे खांदे कानांपर्यंत चढले होते. ट्रॅक्टरला दिवे नव्हते, इंडिकेटर कुठला. आणि तेवढ्यात ट्रॉलीच्या अगदी मागच्या फळीवर पाय सोडून बसलेल्या बाईने, डोक्याला फडकं गुंडाळलेल्या, हात बाहेर काढला. तळहात आमच्याकडे. मग उजवीकडे नेऊन हलवला. थांबा, आम्ही तिकडे चाललोय.

नानांच्या आधी अक्का बोलल्या. "थांबा! ती हात दखाडी ऱ्हायनी!"

"घेतलं," नाना म्हणाले, आणि गाडी हळू केली. मागे ट्रक होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन त्याला हात केला, माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा सिग्नल. ट्रकने फुस्स करून वेग कमी केला. ट्रॅक्टर आमच्या पुढून संथपणे आडवा झाला, उजवीकडे वळला. ती बाई अजून हात धरून बसली होती. आणि अक्कांनी मूठ सोडली. डाव्या खिडकीतून हात बाहेर काढला, तळहात वर, आणि तिला उत्तर दिलं. बाईने ते बघितलं, हसली, आणि हात खाली घेतला.

"तिनी सांगं ना आपले," अक्का म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. नाना समोर बघत होते, त्यांचे डोळे मला आरशात दिसत होते, त्यामुळे मी बाहेर बघायला लागले. मागचा ट्रक आम्हाला ओलांडून गेला तेव्हा त्याच्या क्लीनरनेही हात दाखवला. धुळ्यापर्यंत अक्कांचे दोन्ही हात मांडीवर होते. धुळ्यात शिरताना पारोळा चौफुलीला डावीकडून घुसणाऱ्या मोटरसायकलवाल्याला त्यांनी खिडकीतून जे सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीला मुलगी झाली. आई तिच्या उशाशी होती. नानांनी मला दवाखान्याच्या दारातून लांबूनच तळहात दाखवला, आणि मी दाखवेपर्यंत तसेच उभे राहिले.

नानांचं मी काय काय देणं लागते ते मला सांगता येत नाही. त्या धुळ्याच्या वारीनंतर मी माझ्या गाडीचं कव्हर काढलं ते परत घातलं नाही. जामनेरला आईकडे मी स्वतः जाते. मुलीला स्टेशनवर सोडायला जाते. चौकात कोणी मला जाऊ दिलं तर हात वर करते, आणि मी जाऊ दिलं तरी वाट बघते. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पण कधीतरी येतं, आणि मग दिवस बरा जातो.

पुढे नानांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांनी गाडी बंद केली. "समोरच्याने हात दाखवला आणि मला दिसला नाही, तर?" एवढंच म्हणाले. दोघं धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. पिंप्राळ्यातली गॅलरी रिकामी झाली. मला कितीतरी दिवस शिकवणीला निघताना हात वर करायची सवय मोडता आली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती मोडायचा प्रयत्नही केला नाही.

शेवटी त्यांना भेटले ते देवपुरातच. जळगावहून एकटी गाडी चालवत गेले होते, पहिल्यांदाच. हे सांगितलं तेव्हा नानांनी माझा हात हातात घेऊन थोपटला, आणि वाटेत सगळ्यांना सांगत सांगत आलीस ना, असं विचारलं. डोळे जवळजवळ गेले होते. चहा झाला, नातीच्या खोड्या सांगून झाल्या, अक्कांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. निघताना दोघंही फाटकापर्यंत आले.

मी गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकाशी उजवीकडे वळायचं होतं. आरशात बघितलं. नाना फाटकाशी उभे, पांढरी बाही, तळहात वर. चेहरा माझ्या गाडीच्या जरा बाजूला, भलतीकडेच वळलेला. ते उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना ते दिसणार नव्हतं. मी खिडकीतून हात बाहेर काढला, पूर्ण, खांद्यापर्यंत, आणि तसाच धरून गाडी उभी केली.

आरशात दिसलं, अक्का त्यांच्या कानाशी वाकल्या. काहीतरी म्हणाल्या.

मग नानांचा हात खाली आला, आणि मी वळले.